डावा कान

डाव्या कानाने बहिरं असण्यात घड्याळजीचा फायदाच फायदा होता. सासूबाई टेबलाशी डावीकडे बसत. त्यांनी सांगितलेली कामं त्या कानाशी येऊन विरून जात, आणि बहिऱ्याला बोल कोण लावणार? लग्नानंतर सर्दीने कान दडला होता, तो लवकरच मोकळाही झाला. पण ही बातमी त्याने घरात दिलीच नाही. तोटा म्हणावा तर एवढाच, की सासूबाई त्या बाजूला निर्धास्तपणे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि तो त्याला मुकाट्याने गिळावा लागे.

आता बहिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला त्याला धर्मपिता व्हायचं होतं, आणि फादरांची अट होती : आधी पापनिवेदन. खोटं बोललो, रागावलो, हे सांगायला सोपं. हे मात्र जिभेवर येईना. खून केला असता तर निदान पापाला वजन तरी असतं! शिवाय बायकोला कळलं तर? ती बिचारी इतकी वर्षं उजव्या कानाशी ओरडून बोलत होती.

म्हणून त्याने संध्याकाळची वेळ धरली. चर्चमध्ये चिटपाखरू दिसत नव्हतं. पापनिवेदनाच्या लाकडी पेटीत मधे फादरांची बैठक, दोन्ही अंगांना पडद्याआड गुडघे टेकायच्या जागा, मधे जाळ्या. एका बाजूचं ऐकताना फादर दुसऱ्या जाळीची झडप लावून घेत. आज दोन्ही झडपा उघड्या होत्या, पण त्या काळोखात ते कोणाला दिसणार?

जाळीपलीकडे श्वास ऐकू येत होता. सावकाश, ओलसर.

घड्याळजीने डोळे मिटून सगळं ओकून टाकलं. श्वास थांबला. वेदीवरच्या मेणबत्तीची ज्योत आडवी झाली. मग कुजबुज आली, बाईची नाही, बाप्याची नाही.

"सगळं ऐकू येतं?"

"सगळं, फादर."

"पिढ्यांबद्दलचंसुद्धा?"

घड्याळजीच्या पाठीतून बर्फाचा खडा घसरत गेला. पिढ्यांचं तर तो बोललाच नव्हता.

कुजबुज पुढे म्हणाली, "यापुढे म्हातारीचं ऐकायचं. दोन्ही कानांनी."

तो बाहेर आला, तर मुख्य दारातून फादर धापा टाकत आत येत होते. म्हणाले, एका आजाऱ्याकडे अचानक जावं लागलं, ताटकळलात का? घड्याळजीने वळून पाहिलं. मधली बैठक रिकामी होती आणि पलीकडचा पडदा हलत होता.

त्याने फादरांपुढे सगळं पुन्हा सांगितलं, पण दात वाजत असल्यामुळे निम्मंच कळलं असावं; तरी फादरांनी क्षमा दिली. घरी येताना मागे पावलं वाजत होती. तो थांबला की तीही थांबत.

जेवताना डावीकडून तोच श्वास आला.

"मीसुद्धा माझं पाप सांगायलाच बसले होते," सासूबाई पुटपुटल्या. "बहिऱ्याला शिव्या देते, हेच. तुम्ही आधी सुरू झालात."

घड्याळजीचा चमचा हवेतच राहिला.

"घाबरू नका, जावईबापू. पेटीतलं चुकून कानावर पडलं तरी बाहेर काढायचं नसतं. मुलीलाही सांगता यायचं नाही. उद्या माझ्या खोलीचा पंखा तेवढा बघा."

"बघतो, आई," तो तितक्याच हळू म्हणाला.

मग उजवीकडून बायको घसा खरवडून ओरडली, "आणखी वाढू का?"

जावयाला पापक्षमा मिळाली, सासूला पंखा मिळाला. घसा गेला तो बायकोचा, आणि या सगळ्यात पाप नव्हतं ते तिचं एकटीचं.