दावणीची मधली गाठ

निजामाची इभ्रत हैदराबादेत हिऱ्यांवर मोजत असतील. बोरीत ती दावणीच्या बैलांवर मोजत. व्यंकटरावांच्या दावणीला दोनच बैल होते आणि चारठाण्याचे दिनकरराव आज घरच्या लेकीला, कावेरीला, सून म्हणून बघायला यायचे होते. म्हणून व्यंकटरावांनी शेजारच्या भुजंगाचा तांबडा बैल दिवसभरासाठी मागून आणला.

बैल आला, पण त्याचं दावं अडकवायला दावणीच्या दोरात तिसरा गाळा, म्हणजे फास, नव्हता. दोराची दोन्ही टोकं खुंट्यांना बांधलेली. आणि बांधलेली दावण सोडली की गोठा रिकामा होतो, हे बोरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"टोकं न सोडता मदीच गाळा मारायचा. त्यात काय एवढं?" व्यंकटराव म्हणाले.

पहिला गाळा हात काढताच सुटला. दुसऱ्यात त्यांचाच अंगठा अडकला. तिसरा कसाबसा टिकला.

"अव्हो, ही सरकगाठ हाय," त्यांच्या पत्नी कस्तुराबाई म्हणाल्या. "बैलानं वढलं की सुटंल."

"तू गप! पाव्हणे आले बग दारात."

दिनकररावांनी पोरगी बघितली, दावण बघितली. "तांबडा लय झकास हाय हो!"

कौतुक ऐकून तांबड्याने मान झटकली. गाळा नाहीसा झाला, दोर सैल पडला आणि बैल शांतपणे भुजंगाच्या गोठ्यात जाऊन उभा राहिला.

"आला का रं माझ्या राजा?" भुजंगाची बायको बायनाबाई तिकडून ओरडली. "संध्याकाळपस्तोर ठिवनार व्हते की तुला!"

व्यंकटरावांनी कपाळाला हात लावला. संपलं. आता पोरीला कुणी विचारायचं नाही.

दिनकरराव उठले. सैल दोराचे तळहाताला वेढे घेतले, एक वेढा उचलून बाकीच्यांखालून ओढला. पक्का गाळा तयार.

"आना बैल. आता हत्तीनं वढलं तरी सुटनार न्हाई."

"काय हुन्नर हाय हातात!" कस्तुराबाईंच्या जिवात जीव आला. "कुटं शिकले?"

"शिकायचं काय त्यात? घरी पाव्हणे यायचे आसले की..." दिनकरराव एकदम थांबले आणि त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

व्यंकटराव त्या गाठीकडे बघत राहिले. मागच्या आठवड्यात चारठाण्याला दिनकररावांची भरलेली दावण बघूनच त्यांनी शब्द दिला होता. तिथे एक बैल वगळता बाकी सगळ्यांपुढे दोराच्या मधेच मारलेली हीच गाठ होती.

"सोन्यासारखं घर मिळालं बगा पोरीला," कस्तुराबाई कानाशी पुटपुटल्या.

व्यंकटरावांनी मान हलवली आणि कपाळाचा हात तसाच ठेवला.