घरात फक्त इंग्रजी

राजेहो, इंग्रजी म्हणजे काही वाघ नाही, असं मी आर्णीच्या कृषी केंद्रात काउंटरवर हात आपटून सांगतलं होतं. बियाण्याच्या एका मोठ्या कंपनीत एरिया ऑफिसरची जागा निघाली होती. युरियाच्या थैल्या उचलून उचलून माझी कंबर कामातून गेलती. ही नोकरी हुकली त थैल्या उचलता उचलताच म्हातारा होणार, हे मले दिसत होतं. म्हणून यवतमाळच्या बसस्टँडावरून पुस्तक आणलं. दर पानावर एक इंग्रजी सुविचार, अन् खाली त्याचा करिअरले उपयोग.

पहिल्याच पानावर होतं, जे भाषा घरात चालत नाही ते मुलाखतीत पळत नाही. मले लय पटलं. त्याच संध्याकाळी जाहीर केलं, आजपासून या घरात फक्त इंग्रजी. आमची बंजाऱ्यायची गोरबोली बंद, मराठीबी बंद.

माझ्या बायकोनं, वर्षानं, कसंबसं निभावलं. 'टी' अन् 'सॉल्ट फिनिश' एवढ्यावर तिचा संसार चालला. पण माझी याडी, म्हणजे माय, बिजलीबाई! तिले इंग्रजीचा एक शब्द येत नाही. ते मुकीच झाली. जेवाले बोलवाचं त ताट आपटे, पाणी द्याचं त तांब्या आपटे. खरं सांगतो, सुरुवातीले बरं वाटलं. लग्नापासून घरात एवढी शांतता नव्हती.

शेजारच्या हंसाबाईनं ताट आपटलेलं ऐकलं. ते नळावर पोचली तवा मी, म्हणजे भावसिंग, मायशी बोलत नव्हतो. बाया कापूस वेचाले वावरात पोचल्या तवा मी वाटणी मागतली होती. अन् गाठोडे घेऊन परत आल्या तवा मी मायले घराबाहेर काढलं होतं. माय चुलीपाशी भाकर थापत होती. पण तिले कोणी इचारलं त ते बोले ना. नियम!

आमच्या तांड्यात असं भांडण पोलिसात जात नाही, नायकापुढं जाते. पूनमसिंग नायकानं रविवारी सकाळी देवळापुढच्या लिंबाखाली बैठक लावली. माझी फोनवरची मुलाखतबी तेव्हाच होती, अन् तांड्यात रेंज येते ते फक्त त्याच लिंबाखाली. वेळ बदला म्हणून मी हात जोडले.

नायक म्हणे, "मायपेक्षा फोन मोठा झाला काय बे?"

बसलो. एका बाजूले पंच, एका कानाले फोन. साहेब हैदराबादच्या ऑफिसातून बोलत होते, अन् बरं चाललं होतं. मग त्यायनं इंग्रजीत इचारलं, तुमच्यातले दोष सांगा. उत्तर पुस्तकातून पाठ होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात नायकानं गोरबोलीत इचारलं, "बिजलीबाई, पोराचं काय चुकते? इथं तुह्या घरचा नियम नाही."

मायचं इतक्या दिवसांचं तुंबलेलं सारं बाहेर आलं. कोणतंच काम शेवटाले नेत नाही. कोंबड्या पाळल्या, सोडल्या. शिलाई मशीन आणली, ते गंजून राह्यली. रागावून निघून जाते, अन् भूक लागली का परत येते. मी निर्धास्त होतो. गोरबोली हैदराबादच्या साहेबाले काय समजते? "आय वर्क टू मच, सर," मी म्हटलं.

मग साहेब बोलले, अस्सल गोरबोलीत. तेबी तिकडच्या तांड्यातलेच निघाले. "दोष समजले," म्हणे. "आता याडीले फोन द्या."

मी स्पीकर लावला. साहेबानं अदबीनं इचारलं, "याडी, आता पोराचे गुण सांगा."

माझी नोकरी माझ्या मायच्या जिभेवर येऊन बसली होती. मी डोळ्यांनीच तिच्या पाया पडलो. तिनं माझ्याकडं पाह्यलं, ओढणी सारखी केली.

"साहेब, ते त इंग्रजीत सांगा लागते म्हणे," माय बोलली. "अन् मले इंग्रजी येत नाही."

सध्या मी आर्णीलेच आहो. युरिया पाहिजे असंन त या, थैली मीच उचलून देतो.