काठोकाठ पियाला

नोरमुरादला मूतखडा झाला, याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवान गावातल्या त्यांच्या गल्लीत निम्म्या लोकांना तो होताच. दुःख झालं ते डॉक्टरीणबाईंनी विहिरीचं नाव काढलं तेव्हा. अंगणातली ती विहीर त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी खणलेली. पाणी किंचित खारट, पण नोरमुरादच्या मते अंगात ताकद भरणारं. (किटलीच्या आत त्या पाण्याने चढवलेलं पांढरं पुट खरवडून एखादी खोली रंगवता आली असती, पण ते असो.)

"पाण्यात क्षार भरपूर आहेत," बाई म्हणाल्या. "पण सगळा दोष पाण्याचा नाही. तुम्ही दिवसभर कबाबच्या शेगडीपाशी घाम गाळता आणि पिता घोटभर. लघवी घट्ट झाली की तेच क्षार आत खडा धरतात. भरपूर प्या. जमलं तर नळाचं."

नोरमुरादने यातलं सोयीचं तेवढं उचललं. विहीर निर्दोष सुटली. घरी येताच त्याने फर्मान काढलं, "आजपासून माझा चहाचा पियाला काठोकाठ भरायचा."

बायकोने, सनोबरने, कपाळाला हात लावला. "अहो, काठोकाठ चहा कुणाला देतात? ज्याला घालवायचं असतं त्याला! मानाच्या माणसाला थोडा थोडा ओततात, पुन्हा पुन्हा."

"मी काय पाहुणा आहे?"

"घरातल्या कामाला हात लावत नाही, म्हणजे पाहुणेच की!"

मुलगी इंतिजार मात्र बापाच्या शब्दाबाहेर नव्हती. ती न विचारता त्याचा पियाला भरू लागली. हळूहळू तिच्या हाताला तशी सवयच लागली.

मग एर्गाश-आका आणि होसियत-आपा आपल्या मुलासाठी इंतिजारला मागणी घालायला आले. मुलगा शाळेत मास्तर, स्वभावाने शांत, आणि इंतिजारच्या मनात भरलेला. (हे बापाखेरीज सगळ्यांना माहीत होतं.) दस्तरखानावर, म्हणजे खाण्यासाठी अंथरलेल्या कापडावर, मधोमध दोन नान ठेवले होते. ते मोडले की सोयरीक पक्की.

पहिली फेरी सनोबरने सांभाळून थोडी थोडी ओतली होती. एर्गाश-आकांचा हात नानाकडे वळतच होता, तेवढ्यात इंतिजार नवा चहा घेऊन आली. मान खाली घालून तिने बापाचा पियाला सवयीने काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला. नोरमुराद विहिरीचे गुण गाण्यात रंगला होता. हातात आलेला पहिला पियाला पाहुण्याला द्यायचा, हे त्याला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. डावा हात छातीवर ठेवून, लवून, त्याने तो मोठ्या आदराने एर्गाश-आकांपुढे धरला.

एर्गाश-आकांनी पियाल्यात पाहिलं. चहा काठावर थरथरत होता.

"समजलो," म्हणाले आणि उठले.

"अहो, बसा! तो माझा होता! मला मूतखडा आहे!"

होसियत-आपा दारात थबकल्या. "मूतखडा? तुमच्या वडिलांनाही होता का?"

"होता तर! आजोबांनाही होता!" (घराण्याचा विषय निघाला की नोरमुरादला आवरत नसे.)

"म्हणजे रक्तातच आहे. उद्या आमच्या नातवंडांना..."

इंतिजार पडद्याआडून बघत होती. मग नोरमुरादने डोळे मिटून बापाच्या विहिरीचा बळी दिला. "रक्तात नाही हो, पाण्यात आहे!" चुलीवरची किटली धावत जाऊन आणली, झाकण काढून आतलं पुट त्याने पाहुण्यांच्या नाकापुढे धरलं. "हे बघा, सगळा चुना! पिईल त्याला खडा!"

होसियत-आपांनी आपल्या रिकाम्या पियाल्याकडे पाहिलं. "आणि आम्ही मघापासून हेच पितोय?"

दार लागलं. नान तसेच राहिले. इंतिजारने ते कापडात गुंडाळून ठेवले. ती रागावली असती तर बापाला बरं वाटलं असतं. नोरमुराद विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. आपण पोरीचं वाटोळं केलं, आणि वर त्या बिचाऱ्या विहिरीवर आळ घेतला, या विचाराने त्याला भरून आलं. विहिरीचं पाणी शेंदून प्यायचाही त्याला धीर होईना.

काही दिवसांनी निरोप आला. मुलाने घरी अबोला धरला होता म्हणे. एर्गाश-आका नान मोडायला तयार होते, पण इंतिजारच्या मामाकडे, बुखाऱ्यात. तिथे नळ आहे.

इंतिजार कितीतरी दिवसांनी हसली. नोरमुरादने टोपी शोधून डोक्यावर घातली.

"तुमची तब्येत बरी नाही, असं कळवलंय मी," सनोबर म्हणाली. "त्यांनीच सुचवलं."

"माझ्या पोरीचे नान मोडणार आणि मी घरी? अगं, मी कोपऱ्यात गप्प बसेन. विहिरीचं नाव काढणार नाही. चहालाही हात लावणार नाही!"

सनोबरने वाद घातला नाही. तिने चहा ओतला, काठोकाठ, आणि पियाला त्याच्यापुढे ठेवला.

"खड्यासाठी ना?" त्याने आशेने विचारलं.

"नाही."

नोरमुरादने टोपी काढून खाली ठेवली आणि पियाला उचलला. या वेळी तो योग्य माणसाच्या हातात पडला होता.