आदर्श कामगारांची पाहणी

पाहणीशिवाय प्रगती नाही, हे सत्य पृथ्वीइतकेच जुने आहे. (मिथेन तयार करणारे जंतू जवळजवळ तितकेच जुने. त्यांनी अब्जावधी वर्षे एकाही पाहणीविना काढली; पण तो काळच मागासलेला होता.)

आमच्या क्यूबातल्या गावात सहकारी डुक्करपालन केंद्रामागे एक बंद टाकी आहे. एकेचाळीस डुकरे तिला रोज आपले योगदान देतात आणि तिच्या गॅसवर शेजारच्या झेनाइदाची चूल पेटते. टाकीत दोन खाती आहेत. पहिल्या खात्यातले जंतू डुकरांची घाण आंबवतात. त्यातून सुटणारा हायड्रोजन आणि व्हिनेगरसारखे आम्ल यांवर दुसरे खाते जगते. तेच मिथेनवाले. दुसऱ्याचे उष्टे खातात, दुपटीने वाढायला कित्येक दिवस घेतात, रजा मागत नाहीत. केंद्राच्या समितीने त्यांना ‘आदर्श कामगार’ म्हणून लाल पताका दिली. टाकीवर लावली. शोभली.

पण पताकाधारकांची दर शुक्रवारी शिरगणती झाली पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे झाकण उघडून बांबूने ढवळणे. या कामगारांना हवा सोसत नाही, ही त्यांची खासगी अडचण. गॅस निम्म्यावर आला. समितीने तातडीने पाहणी रोजची केली. गॅस शून्यावर आला. (पाहणीचे प्रमाण शंभर टक्के. इतिवृत्त मीच लिहितो.)

इकडे झेनाइदाच्या नातीचा, युस्लेइदीसचा, पंधरावा वाढदिवस सहा आठवड्यांवर. आमच्याकडे तो लग्नाच्या वरताण. पाहुणे एकशे वीस, आणि काळा घेवडा शिजला नाही तर घराण्याची अब्रू गेली.

“कॉम्रेड एवेलियो,” झेनाइदा समितीच्या अध्यक्षांना म्हणाली, “तुम्ही जेवताना कुणी रोज छप्पर काढून वरून काठी घातली, तर घास उतरेल?”

“ताई, पताका काय उगाच मिळते?”

“मग घेऊन जा घरी! तिच्यावर घेवडा शिजतो का बघा.”

दुसऱ्या दिवशी तिने झाकणावर खुर्ची मांडली आणि घेवडा निवडत बसली.

“उठा ताई, पाहणी आहे.”

“करा की. माझी करा.”

झेनाइदाची पाहणी कशी करावी याबद्दल नियमावली गप्प आहे. विषय पुढील बैठकीवर ढकलला, मग त्याच्या पुढील. पाच आठवड्यांनी चूल निळी पेटली. घेवडा लोण्यासारखा शिजला. युस्लेइदीस नाचली. एवेलियोने तीन ताटे रिचवून भाषण ठोकले: “सततच्या पाहणीमुळेच उत्पादन पूर्ववत झाले!” टाळ्यांच्या आधी आणखी एक आवाज आला, तो मी इतिवृत्तात घेतला नाही.

घेवडा खाल्ल्यावर माणसाच्या आतड्यातही तीच दोन खाती कामाला लागतात. वाचकहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पोटात दुसऱ्या खात्याचे आदर्श कामगार या क्षणी हजर आहेत, पताकेविना. त्यांच्यावर ठपका ठेवू नका. मिथेनला वास नसतो. वास येतो तो पहिल्या खात्याचा.