नाव घातलेला भोपळा

"मे महिन्यात धाराशिवात माणूस सुकतो, तिथं म्या भोपळा फुगवून दाखवतो!" बिभीषणनं टपरीवर असं जाहीर केलं आणि लोक हसले. हसू देत! बत्तीस वर्षं सरकारी कार्यालयात शिपाई राहिलेल्या माणसाला हसण्याचं काय एवढं? साहेब त्याला घंटी वाजवूनच बोलवायचे. निरोप समारंभातसुद्धा भलत्याचंच नाव वाचलं गेलं, आणि ते त्याला अजून सलत होतं. आता कृषी प्रदर्शनात सगळ्यात मोठ्या फळाचा पहिला नंबर काढायचा आणि स्वतःचं नाव एकदा तरी भोंग्यावरून ऐकायचं, एवढंच त्याला हवं होतं.

बियाणं मोबाइलवरून मागवलं. परसात वेल फोफावला. बाकीची फळं खुडून बिभीषणनं एकच ठेवलं, ते नेमकं कुंपणापाशी!

"डांगर लई झकास आलंय आपलं!" श्रीमंत नावाचा शेजारी कुंपणापलीकडून म्हणाला.

आपलं? बिभीषणचं डोकं सणकलं. भांड्यावर नाव घातलेलं असलं की ते शेजारी गेलं तरी परत येतं, हे कुणालाही ठाऊक आहे. त्यानं खिळा घेतला आणि नारळाएवढ्या त्या कोवळ्या फळावर चांगलं खोल कोरलं: बिभीषण.

मग ऊन तापलं. पानांनी माना टाकल्या. बिभीषणनं भोपळ्यावर ओली पोती टाकली, पोत्यांवर बायकोच्या साड्या टाकल्या, आणि शेवटी घरातला कूलरच उचलून परसात नेला.

"अहो, मला अंगभर घामोळं आलंय, अन् डांगराला गार हवा?" अयोध्याबाई कडाडल्या.

"तुला काय नंबर काढायचाय व्हय?"

अयोध्याबाईंनी आठ दिवस अबोला धरला. बिभीषणला तो सोयीचाच वाटला.

फळ फुगलं तसं नावही फुगलं! अक्षरं टाचेच्या भेगांसारखी रुंदावली. बिभीषण रोज त्यावरून बोट फिरवायचा आणि त्याला भरून यायचं. त्याचं नाव एवढं मोठं कुणी कधी लिहिलंच नव्हतं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, वजन वाढावं म्हणून, त्यानं वेलाला आठ घागरी पाणी पाजलं.

भोपळा घरच्या गादीवर बसून पिकअपमधून मांडवात गेला. साठ किलो! दुसरं फळ त्याच्या जवळपासही नव्हतं. प्रमुख पाहुणे आले, वाकले आणि त्यांनी कौतुकानं एक थाप मारली.

फाट्‌! तेरखेड्याचा सुतळी बॉम्ब उडावा तसा आवाज झाला. अक्षरांच्या भेगेतून भोपळा उभा फाटला आणि आतला नासका, आंबूस गर पाहुण्यांच्या पांढऱ्या विजारीवरून बुटांत उतरला. लोक नाकं धरून मागं पळाले.

व्यासपीठावर बसलेल्या जुन्या साहेबांनी फुटक्या भोपळ्यावरचं नाव वाचलं आणि माइक ओढला.

"अरे, हा तर आपला बिभीषण! कुठंय? बिभीषण! ए बिभीषण!"

चारही भोंगे त्याच्या नावानं घुमले. सारा मांडव वळून बघायला लागला. बायकांच्या रांगेत अयोध्याबाई पदर सावरून ताठ बसल्या. बिभीषण छाती काढून व्यासपीठापाशी गेला.

"बघत काय उभा राहिलास? पाहुण्यांचे बूट पूस आधी!"

त्याला सणसणीत काहीतरी बोलायचं होतं. बत्तीस वर्षांचं साठलेलं होतं.

"व्हय साहेब," तो म्हणाला. फडकं कुठं दिसेना, तेव्हा बक्षीस घ्यायला म्हणून बांधलेला कोरा फेटा त्यानं सोडला आणि खाली बसला.