कॉफी न पिणारे उस्मानचाचा

माझी आई लोणी काळभोरला मिरची कांडपाच्या गिरणीत कामाला होती. सोळा वर्षं. उन्हाळ्यात मसाल्याचा हंगाम सुरू झाला की ती घरी यायची तेव्हा साडीला, केसांना, अगदी भुवयांनासुद्धा तिखट लागलेलं असायचं. आम्ही भावंडं धावत जाऊन आईला बिलगायचो नाही. ती आधी मोरीत जायची, दोन बादल्या डोक्यावरून ओतायची आणि मग आतूनच म्हणायची, "या आता." त्या तिखटावर मी बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही, न विचारता सांगते.

उस्मानचाचांना मात्र त्या तिखटाचं सांगावं लागलं नाही.

हडपसरला एका औषधांच्या कंपनीत नोकरी लागली तशी मी आईला काम सोडायला लावलं आणि नारायण पेठेच्या टोकाला एका चार मजली इमारतीत जागा घेतली. सामान वर चढवत होतो. तिसऱ्या मजल्यावर समोरच्या दारात एक उंच, शिडशिडीत, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उभे होते. नमस्कार नाही, नाव-गाव विचारणं नाही. आई पुढून गेली तसे म्हणाले, "ब्याडगी. थोडी लवंगी. कांडपाचं काम बरीच वर्षं केलेलं दिसतंय."

आई बिचारी ओशाळली. "आंघूळ करून आलेय वो भाऊ."

"अहो बाई, मी नोंद घेतली. तक्रार केली नाही."

हे उस्मानचाचा. तीन पिढ्यांचं अत्तराचं दुकान, घरापासून दहा मिनिटांवर. दुकानात नाक वापरायचे ते ठीक, पण जिन्यातही त्यांना ते आवरता येत नसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत, "शेपू. काल रात्रीची. खाली जरा लागली होती." दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांना एकदा म्हणाले, "नवा साबण? तुम्हाला शोभत नाही." तेव्हापासून जोशीकाका चाचांच्या दारासमोरून श्वास रोखून जायचे. स्वतःचा श्वास रोखून काय होणार होतं, कोण जाणे.

पुढे एका वर्षी तापाची साथ आली. इमारतीत सगळेच आठ-दहा दिवस झोपले, सगळेच उठले. चाचाही उठले, दुकानात जाऊ लागले. जिन्यातलं बोलणं तेवढं थांबलं. आम्हाला वाटलं, वय झालं. जोशीकाका तर खूश होते.

मग एका रविवारी चाचांनी आमची बेल वाजवली.

"अहो ग्रॅज्युएट, आपण सायन्सच्या. मला कॉफीचा ग्राइंडर घ्यायचाय. विजेवरचा."

"चाचा, तुम्ही कॉफी पिता?"

"छे."

"मग चाची पितात?"

"ती चहा पिते. मला ग्राइंडरबद्दल माहिती हवी आहे, माझ्या घरच्या पेयांबद्दल मला आहे."

ग्राइंडर निवडायला त्यांनी पाच महिने घेतले. माझ्या भावाचं लग्न त्याहून कमी वेळात ठरलं. फोनवर व्हिडिओ पाहून पाहून त्यांनी या विषयात जवळजवळ पदवी घेतली. दोन प्रकार असतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. एक पात्याचा, आपल्या मिक्सरसारखा. "पातं दळत नाही, झोडपतं," चाचा म्हणायचे. "एका दाण्याचं पीठ, शेजारचा अख्खा. वर तापवतं. ऊब नको. ऊब आली की वास उडाला." ऊब नको, हे त्यांचं पालुपद. दुसऱ्या प्रकारात दोन दातेरी चकत्या समोरासमोर बसवलेल्या, एक फिरते, एक स्थिर, मधली फट कमी-जास्त करता येते. त्याला बर ग्राइंडर म्हणतात. हे सगळं ते माझ्या आईला कागदावर काढून दाखवत होते. आईनं भाजी निवडता निवडता एकदाच पाहिलं.

"जातंच की हे. वीज लावल्यालं."

चाचा कागदाकडे बघत बसले. "पाच महिने झाले, बाई. आपण आधी का नाही बोललात?"

दुकानात जाताना ते खिशात स्वतःच्या कॉफीच्या बियांची पुडी न्यायचे. मशीन चालू करायला लावायचे, त्यावर तळवा ठेवायचे आणि डॉक्टर नाडी बघतात तसे डोळे मिटून उभे राहायचे. एका विक्रेत्यानं वैतागून विचारलं, "काका, नक्की घेणार आहात ना?" चाचा म्हणाले, "आपण नक्की विकताय ना? कारण हे तापतंय."

शेवटी एक काळा, जाडजूड, संथ फिरणारा ग्राइंडर घरी आला. त्याच्या गळ्यापाशी एक ते चाळीस आकडे. एकला पीठ, चाळीसला भरड. चाचांनी त्याला ओट्यावर चाचींच्या मसाल्याच्या डब्यापासून लांब, घडी घातलेल्या चादरीवर बसवलं. आवाज खालच्यांना जाऊ नये म्हणून. तरी जायचाच. रोज सकाळी सव्वासातला वीस सेकंद घर्रर्र. दळण्याआधी बियांवर बोटानं पाण्याचा एक थेंब, नाहीतर भुकटी झाकणाला चिकटून बसते. दळून झालं की रंगाच्या मऊ ब्रशनं चकत्या साफ. त्यांच्या चहाच्या कपाला एवढी माया कधी मिळाली नव्हती.

दळल्यावर ते डब्यात नाक घालून, डोळे मिटून मनात वीसपर्यंत मोजायचे. मग डबा बंद करायचे आणि कुणाच्या तरी दाराची बेल वाजवायचे. "आज सतरा नंबर." सगळी इमारत फुकटच्या कॉफीवर तरंगू लागली. जोशीकाकांची दुपारची झोप गेली. पण चाचा नुसते डबा देऊन जायचे नाहीत. झाकण उघडायला लावायचे.

"कसा आहे वास?"

"छान."

"छान हवा असते. वास सांगा."

हळूहळू मला सांगता यायला लागलं. "भाजलेल्या शेंगदाण्यासारखा. मागे जरासा काकवीचा." चाचा मान खाली घालून असे ऐकायचे, की मला वाटायचं, म्हाताऱ्याला आपल्या मशीनचं कौतुक ऐकायला फार आवडतं.

त्या पावसाळ्यात चाचा-चाची दोन दिवस सोलापूरला लग्नाला गेले आणि किल्ली आईकडे ठेवली, कुंड्यांना पाणी घालायला. आईनं पाणी घातलं. मग तिला ओट्यावरचं विजेचं जातं दिसलं. आमच्या घरात खडा हिंग कुटायचा राहिला होता. सोळा वर्षं गिरणीत काढलेल्या बाईला बंद मशीन बघवत नाही. तिनं हिंग आणला आणि दळला. आणि गिरणीत करतात तसं, नंतर मूठभर तांदूळ त्यातून काढले, फडकं फिरवलं. तिच्या मते मशीन साफ झालं. मिरचीनंतर होतंही. हिंगानंतर होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला घर्रर्र, आणि लगेच बेल. चाचा दारात डबा घेऊन उभे, चेहरा फुललेला.

"बाईंना बोलवा. आज अठरा नंबर. आज काय दरवळलीय!"

मी झाकण उघडलं. तुरीच्या वरणावर फोडणी ओतावी तसा भपकारा आला. मला वाटलं, चाचा गंमत करतायत. पण वासाच्या बाबतीत चाचांनी आयुष्यात गंमत केलेली नव्हती. तेवढ्यात आई पदराला हात पुसत आली आणि दारातच थबकली.

"अगं बाई! हिंग गेला त्यात! म्या दळला हुता, भाऊ. चुकलंच माझं."

चाचांनी डबा माझ्या हातून घेतला. त्यात नाक घातलं. बराच वेळ. मग झाकण नीट फिरवून बसवलं.

"किती आहे?"

"चाचा, राहू दे..."

"ग्रॅज्युएट, किती आहे ते सांगा."

"खूप आहे."

ते आमच्या दाराजवळच्या स्टुलावर बसले. आई म्हणाली, मशीन खराब झालं असेल तर नवं आणून देते. चाचा म्हणाले, "मशीन ठणठणीत आहे, बाई. बिघाड इकडे आहे." आणि नाकावर बोट ठेवलं.

तापात गेलं होतं ते. तेव्हापासून काही नाही. डॉक्टर म्हणाले होते, रोज ठरावीक वास घेत राहा. येईल, नाहीतर नाही येणार. अत्तराच्या दुकानात कॉफीच्या बियांची एक वाटी असते. चार अत्तरं हुंगून गिऱ्हाइकाचं नाक भांबावलं की त्याच्यापुढे ती वाटी धरायची, नाक पुन्हा ताळ्यावर येतं. चाचांचा हिशोब सरळ होता. जी कॉफी सगळ्यांचं नाक जागं करते, ती आपलंही करेल. फक्त ताजी हवी, त्या क्षणी दळलेली, ऊब न लागलेली.

"आणि दुकान?" मी विचारलं.

"बाटल्यांवर नावं आहेत. नवं काही मिसळत नाही. विचारलं कुणी तर म्हणतो, माल आला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुकानाचं काही नाही हो. दर शुक्रवारी सकीना मी बनवलेला हिना लावते. समोर उभी राहते, विचारते, कसा आहे? मी सांगतो, उत्तम. दीड वर्ष झालं. चौतीस वर्षांच्या संसारात दुसरं खोटं बोललेलो नाही. तिला सांगू नका."

आम्ही नाही सांगितलं. आईनं आणि चाचांनी मिळून तो ग्राइंडर खोलला, चकत्या काढून घासल्या, पुन्हा बसवला. मी रोज सव्वासातला जाऊन वास सांगू लागले.

एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालताना चाची भेटल्या. माझ्या चेहऱ्यावर काही टिकत नाही. त्यांनी चिमटा लावत सहज म्हटलं, "चाचा कॉफी का दळतात, मला माहीत आहे, बेटा."

मी बादलीतून पुढचा कपडा उचलला.

"गेल्या रमजानपासून मी अत्तर लावलेलंच नाही. कोरडी जाऊन उभी राहते. म्हणतात, उत्तम."

"मग विचारता कशाला, चाची?"

"विचारायचं बंद केलं तर त्यांना कळेल ना, की मला कळलंय." त्यांनी चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी ती झटकली. "आणि एखाद्या शुक्रवारी त्यांनी खरं सांगितलं, तर? मी विचारलंच नाही, तर मला कसं समजणार?"

थंडी सुरू झाली होती. शुक्रवार होता. ग्राइंडर थांबला, वास सांगून झाला, "आज गव्हाच्या भाजलेल्या पिठासारखा," आणि मी दारात चपला घालत होते. चाची न्हाऊन आल्या, चाचांसमोर उभ्या राहिल्या.

"कसा आहे?"

"उत्त..." चाचा म्हणाले, आणि थांबले. एक पाऊल पुढे गेले. "साबण येतोय. हिना येत नाही." पुन्हा एकदा श्वास घेतला. "सकीना, हिना माझ्याकडे नाही, की तुझ्याकडे?"

चाचींनी खुर्चीची पाठ धरली.

"माझ्याकडे. लावायला विसरले."

चाचांनी कपाटातून कुपी आणली, काडीनं त्यांच्या मनगटाला थेंब लावला आणि वाकले. मी तिथून निघायला हवं होतं. मी निघाले नाही. चाचा सावकाश वर झाले. उत्तम म्हणाले नाहीत.

"उतरलाय," ते म्हणाले. "जुना झाला. नवा करावा लागेल."

त्या महिन्यात उस्मानचाचांनी नवा हिना मिसळला. स्वतःच्या नाकानं.