वाऱ्याचा डोळा

इथे आखातात, जिदहफ्सच्या आमच्या इमारतीत ऊन अडवायला सगळेच खिडक्यांना चंदेरी फॉइल चिकटवतात. मोघेकाकांनीही चिकटवली, पण कात्रीने तिच्यात दोन मोठे डोळे कापून.

संध्याकाळी आत दिवा लागला की तिसऱ्या मजल्यावरून ते पिवळे डोळे पार्किंगकडे टक लावून बघत. माझी लेक गाडीतून उतरायलाच तयार नसे. "बाबा, इट ब्लिंक्ड!" म्हणायची. मी हसून "वेडी कुठली" म्हणायचो आणि तिच्या आधी जिन्यात पोचायचो.

काका सीफमधल्या एका हॉटेलात अकाउंटंट. एकटेच राहतात. वेड मात्र आकड्यांचं नाही, इंग्रजी शब्दांचं. एकदा त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं.

"विंडो म्हणजे काय रे?"

"खिडकी."

"मुळाशी जा!" हे त्यांचं पालुपद. "नॉर्वेकडच्या जुन्या भाषेतून आलाय हा शब्द. पुढे वारा, मागे डोळा. वाऱ्याचा डोळा! आणि तुम्ही त्याच्यावर फॉइल थापता? घर आंधळं करता लेको!"

माझा मजला कधीच येऊन गेला होता.

शेवटी इमारतीच्या मालकाने मला बोलावलं. भाडेकरू घाबरतात म्हणे. "तुम्हारा आदमी है. वो आंखें हटाए, नहीं तो फ्लॅट खलास." आली का पंचाईत!

दुसऱ्या दिवशी काका कामावरून परतताना पार्किंगमध्येच भेटले. धुळीचं वादळ सुटलं होतं, समोरची मशीदही दिसत नव्हती. मी चाचरत निरोप सांगितला.

काकांनी जेवणाचा डबा या हातातून त्या हातात घेतला. मुळाशी जा, असंही म्हणाले नाहीत.

"तुझी काकू ललिता होती ना, तेव्हा या वेळेला त्या खिडकीत उभी असायची. ती गेल्यावर एकदा इथूनच वर बघितलं, तर नुसती काच. पाय उचलेना रे. घरी येणाऱ्याची कुणीतरी वाट बघायला हवी की नको? मग म्हटलं, वाऱ्याचे तर वाऱ्याचे, डोळे हवेत खिडकीला. फ्लॅट सोडून दुसरीकडे गेलो, तर तिथे मला कोण ओळखणार?"

"मालकाशी मी बोलतो," मी म्हटलं. काय बोलणार होतो, देव जाणे.

तेवढ्यात वर धुळीत ते दोन डोळे उजळले.

"दिव्याला टायमर लावलाय वाटतं?" मी विचारलं.

"टायमर कसला?" काकांनी वर बघून हात हलवला आणि डबा काखेत मारला. "चल, यल्ला. उशीर झाला की काळजी करते ती."